हॉलमधला अमेरिकेवाला

आखातातल्या आमच्या सनद भागातल्या फ्लॅटमध्ये खोल्या दोन आणि हॉल एक. हॉलच्या खिडकीतून उजेड चांगला येतो म्हणून माझ्या मुलीनं तिथं चित्राची घोडी मांडली. नेमका त्याच महिन्यात रत्नागिरीहून व्हिजिट व्हिसावर आलेल्या माझ्या सासऱ्यांचा पलंगही तिथंच लागला. भांडण होणार हे मी धरूनच चालले होते. खरं सांगायचं तर कुणावर किती ओरडायचं हेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं, कारण आयत्या वेळी विचार करणं माझ्या स्वभावात नाही.

मुलगी अकरावीत, इंग्रजी शाळेत. कलेच्या परीक्षेसाठी तिला एका जुन्या चित्रकारानं काढलेलं स्वतःचंच चित्र तेलरंगात नकलून द्यायचं होतं, आणि सोबत तिचं स्वतःचं. तिनं निवडला एकोणिसाव्या शतकातला एक अमेरिकन. काळा कोट, पिंजारलेली पिकली दाढी, डोळ्यांखाली काळं.

"एवढे राजबिंडे चित्रकार होऊन गेले आणि तुला हाच मिळाला? तीन रात्री झोप न झालेला?" मी म्हटलं.

"मम्मी, दॅट्स द पॉइंट," ती म्हणाली. आरशात जे दिसलं तेच त्यानं काढलं, स्वतःला काडीची सूट दिली नाही, असं तिचं म्हणणं.

अडचण सूट न देण्याची नव्हती, चेहऱ्याची होती. आमच्यात जिथं नमाज पढायची तिथं समोर माणसाचा चेहरा नको. फोटो असला तर उतरवतात, नाहीतर त्यावर कपडा टाकतात. आणि अब्बा, माझे सासरे, म्हणजे गावच्या मशिदीत पहिल्या रांगेतले. त्यांनी आल्या आल्या घोडीसमोर उभं राहून विचारलं, "ह्यो बापया कोन गो?"

नातीनं अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी करत सगळं सांगितलं. मी दारात कंबर कसून उभी होते.

"आरशात बघून काढलान?" अब्बांनी पुन्हा एकदा निरखलं. "मग मानूस खरा होता. नायतर जरा तरी गोरा केलान असता."

बस्स. भांडण झालंच नाही. मला तर चुकल्याचुकल्यासारखंच झालं. नमाजची वेळ झाली की ते घोडी भिंतीकडे फिरवायचे, आणि सलाम फेरून उठले की आधी ती पूर्ववत करायचे, मग टोपी काढायचे. दिवसातून पाच वेळा. मी एकदा म्हटलं, "अब्बा, राहू दे ना तशीच, ती आल्यावर फिरवेल." तर म्हणाले, "पोरगी आली का तिला ठेवलं तसंच दिसाया हवं." गावाला फोन लागला की मुलाची, सुनेची, नातीची खुशाली सांगून झाल्यावर हसत सांगायचे, "आनी आमचा अमेरिकेवाला पन बरा हाय." सासूबाई गेल्यापासून त्यांना हसताना मी फार कमी पाहिलं होतं. त्या चित्राचं मला फार कौतुक नव्हतं, पण या एका गोष्टीसाठी मी त्याला हॉलभर पसरायला माफी दिली.

मग तो गुरुवार आला. इथं सुट्टी शुक्रवार-शनिवारी, त्यामुळे चित्रं रविवारी शाळेत द्यायची होती. मुलीनं अमेरिकेवाला पुरा केला, तो सुकायला भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवला, घोडीवर स्वतःचं चित्र चढवलं आणि ट्यूशनला गेली. अब्बा असरच्या, दुपार कलल्यावरच्या नमाजला उठले. घोडी नेहमीसारखी फिरवली. जमिनीवरचं चित्रही उचललं, उलटं केलं आणि तोंड भिंतीला लावून टेकवून ठेवलं. आयुष्यभर त्यांनी होड्या रंगवल्या होत्या. होडीला सकाळी रंग मारला की उन्हात संध्याकाळपर्यंत सुकतो. तेलरंग दिवसचे दिवस ओला राहतो हे त्यांना कुठून माहीत असणार? मला तरी कुठं माहीत होतं!

मी सनाबिसच्या ऑफिसातून घरी आले तेव्हा ते हातात ओलं फडकं घेऊन उभे होते. अमेरिकेवाल्याचा डावा गाल, नाक आणि निम्मी दाढी घरमालकाच्या पांढऱ्या भिंतीवर होती. उरलेला चेहरा खाली फरफटला होता. फडक्यानं तर आणखीच पसरला.

मुलगी आली. चित्राकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. "इट्स ओके, दादा," आजोबांना म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं. ती आदळआपट करती तर बरं झालं असतं. माझी मुलगी माझ्यावर गेली आहे, ती गप्प बसली की समजायचं, काहीतरी मोडलं. दोन महिन्यांची मेहनत होती तिची. अब्बा जेवायला बसले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "माझ्या पोराला सांग, माझा तिकीट काढ. मी हितं नको."

शुक्रवारी सकाळी तिनं चित्राचा चेहरा सुरीनं खरवडून काढला आणि नव्यानं सुरुवात केली. तासाभरात रडकुंडीला आली. मूळ चित्राच्या छापील कागदावर रंग दिसतो, पण म्हाताऱ्या माणसाचा गाल कसा उतरतो ते कळत नाही, म्हणे. अब्बा पलंगावरून उठले, खुर्ची खिडकीजवळ ओढली आणि तिच्यासमोर बसले.

"माझा बघ. उतरलेलाच हाय."

पासपोर्ट आणि व्हिसा सोडला तर या माणसानं कधी फोटो काढून घेतला नव्हता. लग्नातसुद्धा कॅमेरा दिसला की उठून जायचे. मी म्हटलं, "अब्बा, तुम्हाला चालेल?"

"अल्लाचा नि माझा मी बघीन. पन हिचा नुकसान मी केला. बंद्याचा नुकसान अल्ला परस्पर माफ नाय करत, बंद्यालाच इचारावा लागतो."

चित्र रविवारी वेळेत गेलं, ओलंच, खोक्यात घालून, हे आधीच सांगून टाकते. पण मला आठवतात ते शुक्रवार-शनिवार. ते बसायचे, ती बघायची. अजान झाली की ती स्वतःच घोडी उचलून आपल्या खोलीत न्यायची. मध्येच ते म्हणाले, "येवढा येळ तर तुझी दादी पन माझ्याकडे बघली नाय," आणि दोघं असे हसले की ब्रश ठेवावा लागला. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. खूप बरं वाटलं मला.

शनिवारी दुपारी तिनं हाक मारली. "मम्मी, इकडे ये. दादा या डोळ्यानं बघत नाहीत."

"काहीतरीच काय!"

"मी दोन दिवस बघतेय. ब्रश या बाजूला नेला की तो डोळा हलतच नाही."

मी अब्बांकडे पाहिलं. ते खाली बघत होते, चोरी पकडल्यासारखे. मग हळूच म्हणाले, "दोन वरसं झाली. सांगून काय, तुमी कामधंदा सोडून धावले असते."

दोन महिने मी या माणसाला दिवसातून तीन वेळा ताट वाढत होते. चहात साखर किती, पोळी किती मऊ, सगळं मला ठाऊक. तोंडाकडे मात्र एकदाही नीट बघितलं नव्हतं. मला इतका राग आला, त्यांचा, माझा, कुणाकुणाचा, की मी त्या खुर्चीसमोर उभी राहून सासऱ्यांवर पहिल्यांदाच ओरडले. माझ्या बापावर ओरडले असते तशी. म्हटलं, तिकीट-बिकीट काही नाही, उद्या डॉक्टर, आणि पुन्हा असं काही लपवलंत तर याद राखा. ओरडता ओरडता मी कधी रडायला लागले ते मलाच कळलं नाही.

अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. मान तसूभरही हलवली नाही.

"वरड," ते म्हणाले, "पन जरा बाजूला हो गो. पोरीच्या उजेडात उभी हायस."