तोंडभर पाणी

जगातली सगळी मारामारी रिकाम्या तोंडामुळे होते, असा सिद्धान्त मांडणारा माणूस आजवर एकच झाला आणि तो नेमका माझा चुलतसासरा निघाला. काशीतल्या संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत पाच पिढ्या नांदलेलं हे मराठी घर. बाकीचे भाऊबंद याज्ञिकी करायचे किंवा शाळेत शिकवायचे. काका तेवढे कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. घरात त्या विषयाला 'डोक्याचं खातं' म्हणत आणि ते कुणाच्या डोक्याचं, हे मुद्दाम मोघम ठेवत.

सिद्धान्ताचा जन्म पानाच्या ठेल्यावर झाला. दोन गृहस्थ तिथे बाह्या सरसावून एकमेकांवर धावले. पण त्यातल्या एकाने नुकताच विडा तोंडात घातलेला. शिवी द्यायची तर विडा थुंकावा लागणार, आणि विडा तर अव्वल जमलेला. त्याने क्षणभर विचार केला, हनुवटी आभाळाकडे केली, "उँ, उँ" असा काहीतरी दम भरला आणि चालता झाला. काका तिथल्या तिथे ताठ उभे राहिले. सफरचंद डोक्यात पडलं असतं तरी एवढे राहिले नसते. "जावईबापू," ते मला नंतर सांगत, "गुस्सा हातातून नाही निघत, तोंडातून निघतो. तोंड भरून ठेवा, हात बिचारा एकटा पडतो. बनारसात पान नसतं ना, तर रोज चार मुडदे पडले असते!"

हा शोध वापरायलाही त्यांना जागा होती. शहराच्या टोकाला मुलांचं एक सुधारगृह होतं. चाकू चालवलेली, डोकी फोडलेली, चौदा ते अठरा वर्षांची पोरं. काका मंगळवारी आणि शनिवारी तिथे फुकट जायचे. पोरांना पान देणं शक्य नव्हतं, म्हणून पाणी आलं. राग आला की लोट्यातलं तोंडभर पाणी घ्यायचं, बोटांच्या पेरांवर जपासारखे एकशे आठ मोजायचे, आणि मग थुंकायचं की गिळायचं हे ठरवायचं. "गुस्सैल पोराला 'शांत हो' सांगणं म्हणजे उतू चाललेल्या दुधाला प्रवचन देणं," काका म्हणत. "त्याला काम द्या. एकशे आठ म्हणजे चांगलं लांब काम आहे." महिन्याभरात तिथली बावीस पोरं कंबरेला लोटा बांधून हिंडू लागली. एकदा अधीक्षकांनी हजेरी घेतली, तर एकानेही 'हाजिर' म्हटलं नाही. सकाळी डाळीवरून भांडण झालं होतं आणि सगळे गाल फुगवून मोजत होते. अधीक्षकांनी बंड झालं समजून घंटा बडवली.

घरीही तोच प्रयोग. काकू तावातावाने बोलायला लागल्या की काका लोटा तोंडाला लावत. "यांच्याशी भांडण म्हणजे विहिरीशी भांडण," काकू कपाळाला हात लावून म्हणायच्या. "आपलाच आवाज परत येतो, वर पाणी बघावं लागतं."

आता माझ्याबद्दल. बँका नुकत्याच सरकारी झाल्या होत्या आणि माझी बदली साताऱ्याहून थेट काशीला झाली होती. माझा राग तेव्हा फार प्रसिद्ध होता. मी गिऱ्हाइकांशी, शिपायाशी आणि एकदा न उघडणाऱ्या शाईच्या बाटलीशी भांडलो होतो. बाटली जिंकली. हे बायकोने माहेरी सांगितल्यावर काकांना इतका आनंद झाला की ते जिन्यावरून धावत खाली आले. "असा अस्सल नमुना घरात, आणि मी बाहेर शोधतो!"

माझी नेमणूक झाली ती डिवचणारा म्हणून. पोरांनी तोंडात पाणी धरायचं, मी एकेकासमोर उभं राहून अपमान करायचा, आणि त्यांनी तो सोसायचा. अडचण एवढीच की माझं हिंदी पुस्तकी. पहिल्या पोरापुढे उभा राहून मी गरजलो, "तू अत्यंत मूर्ख बालक है!" बावीस तोंडांतलं पाणी एकाच वेळी माझ्या अंगावर आलं. लग्नातला सफारी होता. त्यानंतर पोरांनाच माझी दया आली आणि बनारसी शिव्यांची शिकवणी त्यांनी माझ्यासाठी खास सुरू केली. काकांचा जावई म्हणून मला सगळे 'दामादजी' म्हणत. या शिकवणीतला माझा मुख्य गुरू बिरजू.

बिरजू सोळा वर्षांचा, नावाड्याचा मुलगा, बाप लहानपणीच गेलेला. घाटावर कुणीतरी त्याच्या आईबद्दल वाकडं बोललं आणि याने वल्ह्याने त्याचं डोकं फोडलं. आई दर रविवारी फडक्यात भाजलेले चणे बांधून यायची, आणि जाताना फाटकापाशी मागे वळून तीनदा पाहायची. अधीक्षकांनी सांगितलं होतं, तीन महिने हात उगारला नाही, तर समितीपुढे उभं करीन. समितीला पटलं, तर पोरगा घरी. बिरजूने तीन महिन्यांत इतकं पाणी धरलं की त्याचे गालच मोठे झाले, असं बाकीची पोरं म्हणत.

समिती आली. मध्ये अध्यक्ष म्हणून एक पांढऱ्या केसांच्या बाई, बाजूला जाडजूड फाइल घेतलेले एक सभासद. काका आणि मी भिंतीशी बसलो. मला सक्त ताकीद होती की दामादजींनी फक्त बसायचं. सगळं सुरळीत चाललं होतं. इतक्यात सभासदांनी फाइलमधून मान वर केली आणि विचारलं, "सिर फोड़ना तेरी माँ ने सिखाया है?"

बिरजूच्या मुठी आवळल्या. मग त्याने कंबरेचा लोटा सोडला, पाणी तोंडात घेतलं आणि अंगठा पेरांवर फिरू लागला.

"जवाब दे!"

अंगठा फिरतोय.

"देखिए, कितना ढीठ है!" असं म्हणून सभासद लिहू लागले. आता काकांनी उठून सगळा प्रकार समजावायला हवा होता. मी आशेने त्यांच्याकडे पाहिलं, तर काकांचे गाल फुगलेले! आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खरा राग आला होता आणि ते अठरा-एकोणीसवर असावेत. त्या खोलीत रिकामं तोंड माझंच होतं.

मी उठलो. त्यापुढे मी जे बोललो ते इथे लिहिता येत नाही. एवढंच सांगतो की तीन महिन्यांची सगळी शिकवणी मी एका दमात, योग्य उच्चारांसह, सभासदांच्या स्वाधीन केली. खिडकीबाहेर पोरांनी टाळ्या वाजवल्या. सभासदांचं पेन गळून पडलं. मी टेबलाकडे दोन पावलं गेलोसुद्धा, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी बिरजूचं घरी जाणं बुडवलं.

इतक्यात कुणीतरी माझा दंड धरला. बिरजूचे एकशे आठ झाले होते. पाणी गिळून झालं होतं. त्याने लोटा माझ्या तोंडाशी धरला.

"दामादजी, ई लीजिए. मुँह में रखिए. गिनिए."

मी गाल फुगवून समितीपुढे मोजत उभा राहिलो. बिरजू सभासदांकडे वळला. "साहब, माई ने नहीं सिखाया. माई ने तो मना किया था." मग माझ्याकडे बोट दाखवून अगदी गंभीरपणे म्हणाला, "इनका बुरा मत मानिए. अभी कच्चे हैं."

अध्यक्षबाईंनी पदराआड तोंड लपवलं. खांदे मात्र हलत होते. संध्याकाळी बिरजू आईबरोबर फाटकाबाहेर पडला. या वेळी मागे वळून पाहिलं ते त्याने. मला बायकोने आठवडाभर 'कच्चे' म्हणून हाक मारली.

पुढे माझी बदली झाली. खूप वर्षांनी गेलो, तेव्हा काकू नव्हत्या आणि काकांची आठवण पार विस्कटली होती. आयुष्यात एकदाच चिडलेला तो माणूस आता सारखा चिडत होता, सगळ्यांवर, भिंतींवरसुद्धा. रोज संध्याकाळी एक धिप्पाड नावाडी येऊन त्यांना हाताला धरून घाटाच्या पायऱ्या उतरवायचा आणि रामनगरच्या दिशेने चक्कर मारून आणायचा. मी सोबत बसलो. काका वाटभर त्याच्यावर ओरडत होते. नाव वाकडी चालते, वल्हं पाणी उडवतं, तू कोण, कुठे नेतोस मला! बिरजू एक अक्षर बोलला नाही. ओंजळभर गंगा तोंडात घेऊन वल्हवत राहिला.

"बोलत का नाहीस रे? मुका आहेस?"

बिरजूने वल्हं सोडून फुगलेल्या गालावर बोट ठेवलं.

काका थांबले. बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. ओळख पटली असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण त्यांचा हात पुढे आला आणि त्याच्या पाठीवर टेकला.

"गिनती पुरी झाली?" त्यांनी हळूच विचारलं.

बिरजूने मान डोलावली.

"शाबास. मग आता गीळ, बेटा."