बदकाचा प्रतिध्वनी

रविवार, १९ सप्टेंबर २००४. पहिलं बक्षीस एकशे एक रुपये, दुसरं एकावन्न. जयपुरातल्या आम्हा मराठी कुटुंबांच्या गणपतीत मुलांची प्रश्नमंजूषा होती. हजर अकरा मुलं, त्यांचे आईवडील, आणि प्रश्न काढणारा व गुण देणारा मी. प्रश्न वीस. त्यातला चौदावा असा: कोणत्या पक्ष्याच्या आवाजाचा प्रतिध्वनी येत नाही?

एका मुलानं लिहिलं, बदक. मालगाडीच्या गार्डच्या मुलीनं लिहिलं, ‘असा पक्षी नाही.’ तिच्या उत्तरावर मी फुली मारली. मुलाला एकोणीस गुण, तिला अठरा.

दुसरं बक्षीस घेताना ती म्हणाली, “काका, मतलब, आवाज कुणाचा आहे हे भिंतीला कसं कळतं?”

सगळे हसले. मीही हसलो. “मी इंटरनेटवर पाच ठिकाणी पाहिलंय, बेटा.”

पाहिलं होतं, हे खरं. त्या वर्षी मला तो नादच लागला होता. राजा पार्कमधल्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन मी प्लायवूडच्या खोपटात बसत असे आणि चमत्कारिक माहिती वहीत उतरवून घेत असे. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. समुद्रघोड्यात पिल्लं नराच्या पोटातून जन्मतात. कागदाला बेचाळीस घड्या घालता आल्या तर जाडी चंद्रापलीकडे जाईल. हे मात्र मी घरी गुणाकार करून पडताळलं होतं. बदकाचा गुणाकार करता येत नव्हता.

सोमवारी कचेरीत लक्ष लागेना. मंगळवारी डबा तसाच परत आला. पत्नी म्हणाली, “अहो, एका गुणाचं काय एवढं? मंडळाचे कार्यवाह म्हणालेच ना, परीक्षकाचा निर्णय अंतिम म्हणून?”

“परीक्षक मीच आहे. तोच तर घोटाळा आहे.”

बुधवारी पुन्हा कॅफेत गेलो आणि ती पाचही पानं एकापाठोपाठ एक उघडली. प्रत्येक यादीत सहानंतर एकदम आठ होता. सातवा क्रमांक पाचही ठिकाणी गाळलेला. म्हणजे साक्षीदार पाच नव्हते. एकच होता, आणि बाकी चौघांनी त्याची नक्कल केली होती. मी विमा कंपनीत दावे तपासतो. पाच जबाब शब्दाला शब्द जुळले तर मी दावा थांबवतो. इथे मात्र जबाब नुसते मोजले, वाचलेच नाहीत. आता सहावं पान शोधण्यात अर्थ नव्हता. त्याच्यावर तरी विश्वास कसा ठेवायचा?

गुरुवारी गार्डच्या क्वार्टरवर गेलो. गार्ड नागपूरकडचे. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाले, “पैशाचं जाऊ द्या जी. पण पोरगी चार दिवस झाले विचारून राहिली, बाबा, माझं काय चुकलं? मी काय सांगू तिला?”

“रविवारी दोघंही या. बदकालाच विचारू,” मी म्हणालो.

बनी पार्कमधल्या एका गेस्टहाऊसच्या अंगणात पाहुण्यांना बघायला दोन बदकं पाळलेली होती. चौकीदार तीस रुपयांना एक बदक दुपारपुरतं द्यायला तयार झाला.

“पकाओगे तो नहीं, साहब?”

“नहीं भैया, सिर्फ बुलवाना है.”

तरी त्यानं टोपलीचं झाकण सुतळीनं दोनदा बांधलं.

विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातली एक रिकामी शेड मला माहीत होती. आगीच्या दाव्यासाठी मी ती पाहिली होती, तेव्हा माझाच खोकला मागून ऐकू आला होता. दावा मार्चमध्येच निकाली निघाला होता, म्हणून मालकाकडे किल्ली मागताना संकोच वाटला नाही.

बदक चाळीस मिनिटं गप्प बसलं. मी फेऱ्या मारत होतो. मुलगी टाळ्या वाजवून थकली. “काका, तुम्ही थांबा ना एका जागी. ते घाबरतंय तुम्हाला.” मी थांबलो, तर माझा पाय हलू लागला. शेवटी गार्डनी खिशातून शिट्टी काढली आणि गाडी सोडावी तशी फुंकली. तिचा आवाज पत्र्यांवर विरून गेला, आणि बदक रागानं तीनदा ओरडलं. पहिल्या दोन वेळा नक्की काही सांगता येईना. तिसऱ्या वेळी ते थांबल्यावर पलीकडच्या भिंतीकडून तोच आवाज आला. बारीक, पण तोच.

“आला!” मुलगी म्हणाली.

“पुन्हा एकदा,” मी म्हणालो.

“साहेब,” गार्ड म्हणाले, “आता त्याला अर्ज द्या लेखी.”

पुन्हा एकदा झालं. दोनदा ऐकल्यावर मी कागद काढून गुण बदलले: तिला एकोणीस, मुलाला अठरा. संध्याकाळी आरतीनंतर सगळ्यांसमोर उभं राहून चूक कबूल केली. कार्यवाह तोंड फिरवून प्रसाद वाटत राहिले. बोलताना माझ्या मनात भलतंच चाललं होतं. वीसपैकी आणखी नऊ प्रश्न त्याच वहीतले होते, आणि समुद्रघोडा मी कुठून आणणार होतो?

पहिल्या आलेल्या मुलाकडून काही परत घेतलं नाही. चूक त्याची नव्हती. चौकीदाराला ठरलेले तीस रुपये दिले. बक्षिसातला फरक पन्नास रुपये, तो माझ्या खिशातून गार्डच्या मुलीला दिला.