लाल झाकण

आमच्या नसांच्या बाईंच्या पर्समध्ये औषधाच्या बाटलीचे एक लाल झाकण कायम असे. पुण्यात त्या मेंदू आणि मज्जासंस्थेच्या नावाजलेल्या तज्ज्ञ, संशोधक. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी आळेफाट्याला रुग्ण तपासायला येत, तेव्हा त्या फक्त 'नसांच्या बाई' असत. नव्या रुग्णाचा एक डोळा झाकून त्या झाकण समोर धरीत, मग दुसरा डोळा झाकून. "कोणत्या डोळ्याला जास्त लाल दिसतं?" डोळ्याच्या नसेला सूज आली की बहुधा लाल रंग आधी फिका पडतो. मी आळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवीत असूनही हे मला ठाऊक नव्हते.

माझी पत्नी सुमन झाकण पाहून म्हणाली, "डाव्या डोळ्याला कुंकू दिसतंय बाई, आन उजव्याला जुनी वीट." बाई मनमोकळे हसल्या आणि वाक्य तसेच्या तसे कागदावर उतरवले. "रुग्णाचे शब्द आपण बदलायचे नसतात, सर," असे त्यांनी मला बजावले.

निदान झाले मल्टिपल स्क्लेरोसिस. विजेच्या तारेवर जसे आवरण असते, तसे नसांवरही असते. या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्थाच ते आवरण कुरतडू लागते. बाईंचे आयुष्यभराचे संशोधन याच आजारावर होते. इंजेक्शने सुरू झाली. तरी दोन वर्षांत सुमनचा उजवा डोळा पूर्ण गेला आणि पाय जड झाले. "माझंच काय तरी पथ्य चुकत आसंल," असे ती म्हणत राही.

मग एका दुपारी बाई न कळवता आमच्या घरी आल्या. बसल्या नाहीत. नव्याने निघालेल्या एका रक्ततपासणीसाठी त्यांनी सुमनचे रक्त नेले होते. आजार दिसायला तसाच, पण वेगळा निघाला होता. आणि ती इंजेक्शने अशा आजारात उलटू शकतात, हेही आता कळले होते.

"उजवा डोळा कदाचित माझ्या औषधानं गेला, सुमनताई."

सुमन म्हणाली, "आधी बसा तरी. उभ्यानं सांगून गेलेला डोळा येतोय का? न सांगता ऱ्हायला असता, तर आमाला काय कळणार व्हतं?"

"म्हणूनच आले."

मला मात्र राग आवरला नाही. पडताळा का घेतला नाहीत, असे मी विचारले. त्या वेळी ती तपासणी नव्हती, हे उत्तर त्यांना देता आले असते. त्या म्हणाल्या, "तपासणी नव्हती, पण शंका घेता आली असती. माझ्याच विषयातला आजार होता. मी उत्तर आधी धरलं, सर, आणि मग तपासलं." वर्गात मुलांना मी वर्षानुवर्षे हेच करू नका म्हणून सांगत आलो होतो. "डावा डोळा आपल्याला राखायचा आहे," एवढे बोलून त्यांनी नवे औषध लिहिले.

त्यानंतर बाईंनी जुन्या फायली उघडल्या. आणे पठारापासून मंचरपर्यंत एकेका रुग्णाच्या दारी जाऊन त्यांनी पुन्हा रक्त घेतले. मंचरच्या बाजारातला एक हमाल त्यांना म्हणाला, "रगात न्या बाई, पर कांद्याच्या लिलावाच्या दिशी नगं. त्या दिशी अंगात ठेवावं लागतं." या फेरतपासणीवरून निघालेल्या शोधनिबंधात पहिली हकिकत सुमनची होती, नावाशिवाय, आणि चूक कोणाची हेही त्यात स्पष्ट लिहिले होते. पुढे बाई कोणत्याही रुग्णाच्या आजाराचे नाव नेहमी पेन्सिलीने लिहीत.

गेल्या वर्षी बाई वारल्या. त्याआधी आळेफाट्याच्या शेवटच्या रविवारी त्यांनी ते लाल झाकण माझ्या हातात ठेवले. "रोज सकाळी डाव्या डोळ्यासमोर धरा. रंग जरा फिका वाटला तरी त्याच दिवशी पुणं गाठा."

तेव्हापासून खिडकीजवळच्या उजेडात आमचा हा पाठ चालतो. मी विचारतो, ती म्हणते, "कुंकू." मी वहीत तारीख घालतो.

परवा मी झाकण पेटीतून काढत होतो. ते अजून माझ्या मुठीतच होते, तोच ती म्हणाली, "कुंकू."

मी वही मिटली. "सुमन, आधी बघ."

तिने मान माझ्याकडे वळवली. मी मूठ उघडली आणि झाकण समोर धरून उभा राहिलो. ती पाहत होती, आणि या वेळी तिला फार वेळ लागत होता.