सिंगल सीटची गिऱ्हाइकं

शिलाई मशिनखालच्या रेक्झिनच्या चिंध्या रोज झाडल्या तरी संध्याकाळी पुन्हा तेवढ्याच! आमच्या कर्जतच्या दुकानातले किस्सेही तसेच. मोटारसायकलची लांब सीट काढून एकट्यापुरती आरामशीर सीट बसवायची, हा आमचा धंदा. आमचे हे सांगाडा ठोकतात, मी गादी भरून शिवते. उरलेल्या वेळात भांडतो. ह्यांची कंबर दुखते, म्हणून आमच्या गाडीलाही सिंगल सीट हवी. कंबर म्हणे माझ्याच वजनानं दुखते! असेल बाई. पण मग मी बाजाराला कशावर बसून जाऊ?

*

परक्या पुरुषाला नको तिथं टेप कसा लावायचा? म्हणून मी युक्ती काढली. खोक्यात ओली वाळू थापायची, वर पोतं टाकून गिऱ्हाइकाला बसवायचं, उठल्यावर खड्डा मोजायचा.

हायस्कूलचे एक मास्तर बसले, उठले आणि खड्ड्याकडं बघतच राहिले.

"वहिनी, आधीच्या कुणाचा बुजवायचा राहिला का हो?"

"नाही मास्तर, सकाळपासून तुम्हीच पहिले!"

*

काष्टीचा एक बागाईतदार मागं बसणाऱ्या पाव्हण्यांना कंटाळला होता. सिंगल सीट घेऊन खुशीत गेला. आठ दिवसांत परत!

"टोचते का?" मी विचारलं.

"सीट झकास हाय वयनी. पन आदी पाव्हनं मागं बसायचं, आता टाकीवर बसत्यात. म्होरलं कायबी दिसत न्हाई!"

*

दुष्काळी कामावरच्या एका ओव्हरसियरनी "अजून मऊ, अजून मऊ" करत तीनदा गादी भरून घेतली. फोम संपला, तेव्हा मी माझी उशी फोडली. शेवटी विचारलं, "साहेब, इतका खराब रस्ता आहे तरी कुठला?"

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"माझाच. काम चालू आहे."

*

राळेगणसिद्धीचे एक म्हातारे शेतकरी एस्टीनं आले. एकेका सीटवर बसून बघितलं. पाचवीवर चक्क डुलकी लागली! उठले आणि म्हणाले, "हीच बांदा."

"गाडी कुठली, बाबा?"

"गाडी न्हाई अजून. बसायचं जमतंय का, ते आदी बगितलं."

*

शेवटी भांडणात मी हरले. ह्यांना वाळूवर बसवलं आणि स्वतःची जागा स्वतःच्या हातानं कापली. शिवण वाकडी घालावी असं दोनदा मनात आलं. पण मेली सरळच आली!

हे चक्कर मारायला गेले. मी दारात उभी, आत दोन गिऱ्हाइकं. ह्यांची कंबर दुखली नाही, तर माझा बाजार कायमचा एस्टीनं!

अर्ध्या तासानं आले. गाडी दारात थांबवली, दोन्ही पाय टेकले आणि मागं न बघता म्हणाले,

"उतर गं, सावकाश."

दोन्ही गिऱ्हाइकं माझ्याकडं बघायला लागली.

मी दारातूनच म्हटलं, "उतरले!"