गुरुवारची चौकडी

चार माणसं अकरा वर्षं दर गुरुवारी एकाच खोलीत वाजवायला बसली की संगीत किती साठतं ते माहीत नाही. किस्से मात्र माळ्यावरच्या डब्यांसारखे साठत जातात. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात! परवा सरांचा नाशिकहून फोन आला आणि नेमकं तेच झालं.

सर म्हणजे आमचे देशपांडे सर. सरकारी संशोधन संस्थेत तीस वर्षं नोकरी, आणि त्याहून जुनं त्यांचं व्हायोलिन. रिटायर झाल्यावर त्यांनी कन्नड मुलखातल्या या शहरात, बसवनगुडीच्या आपल्या घरी आम्हाला गोळा केलं. दुसरं व्हायोलिन निखिलचं. तो पुण्याचा, आयटीतला. चेलो, म्हणजे खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरायचं ते माणसाएवढं वाद्य, निपाणीच्या सुमित्राअक्काकडे. आणि मी, शाळेत गणित शिकवणारी, व्हायोला वाजवते. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. घरातलं सगळं करते, फोटोत मात्र दिसत नाही! चौघांनी मिळून पाश्चात्त्य संगीत वाजवायचं आणि रविवारी मुलांना शिकवायचं, एवढाच उद्योग. नाव ठेवलं 'चौकडी'.

*

आमचा पहिला जाहीर कार्यक्रम एका मंडळाच्या गणपतीत झाला. हॉल भरलेला. पहिली रचना वीस मिनिटांची. जीव ओतून वाजवली. शेवटचा सूर विरला, आणि टाळी नाही! सगळे दाराकडे बघतायत.

मग कार्यवाह माइकवर आले. "रसिकहो, गायक बहुतेक ट्रॅफिकमध्ये अडकलेत. तोवर वेळ निभावून नेल्याबद्दल या चौघांचे आभार!"

निखिल उठायलाच निघाला होता. सरांनी त्याला बसवलं आणि शांतपणे माइक घेतला. "गायक निघालेत," ते म्हणाले. "तोवर आम्ही अजून एक वाजवतो."

दुसऱ्या रचनेला काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू!

*

अक्काच्या चेलोची मान एकदा मोडली होती. चेलोलाही मान असते. ती जोडून आणली त्याच आठवड्यात त्याच्या केसची चेन तुटली. अक्कानं चेलो गोधडीत गुंडाळला, रिक्षात आडवा मांडीवर घेतला आणि ड्रायव्हरला कन्नडमध्ये बजावलं, "अण्णा, स्वल्प निधान, जरा हळू. मान फार नाजूक आहे. आत्ताच जोडलीय."

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. गोधडी, तिला कवटाळून बसलेली बाई. अक्का डोळे मिटून मनातल्या मनात आपली धून म्हणत होती. डोळे उघडले तेव्हा रिक्षा एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीसमोर उभी आणि ड्रायव्हर स्ट्रेचरसाठी ओरडतोय!

गोधडी उघडली. चार तारा बघून नर्सला हसू आवरेना. ड्रायव्हर ओशाळला, पण हटला नाही. "अक्का, एवढं आलोच आहोत, तर बीपी तरी बघून घ्या."

बघितलं. एकशे ऐंशी!

अक्काची गोळी त्या दिवसापासून चालू आहे.

*

रविवारच्या वर्गात आठ वर्षांची चिन्मयी होती. जिथं थांबायचं तिथंही ती वाजवत सुटायची. सर म्हणाले, "बाळ, स्वरांच्या मधली शांतताही वाजवावी लागते. घरी सराव करून ये."

पुढच्या रविवारी तिला काहीच वाजवता येईना.

"अगं, प्रॅक्टिस केली नाहीस?"

"केली ना सर! शांततेची. रोज एक तास."

मागे तिची आई उभी होती. तिनं हात जोडले. "सर, आठवडाभर घरात इतकं छान वाटलं! हाच धडा अजून महिनाभर ठेवाल का?"

*

निखिल ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेरा बंद, म्यूट चालू करून सराव करायचा. एक दिवस म्यूट करायचं राहिलं. पंधरा लोकांनी त्याचं वादन ऐकलं. शेवटी परदेशातला त्याचा मॅनेजर म्हणाला, "निखिल, तुझ्या शेजारी कुणीतरी व्हायोलिन शिकतंय वाटतं. वरच्या सुरांना जरा उतरतोय, म्हणावं."

"हो, सांगतो," निखिल म्हणाला.

आम्ही हसून लोळलो. सर मात्र गंभीर. "बरोबर सांगितलं त्यानं. गुरुवारी मोकळा असतो का तो?"

*

होसकोट्याच्या एका कारखान्यात आयुधपूजेला वाजवायला बोलावलं होतं. मशिनांना झेंडूच्या माळा, दाराला केळीचे खुंट, फुटलेल्या कोहळ्याचा वास, आणि मध्ये आम्ही. तेव्हा माझ्या व्हायोलात तीन महिने एक बारीक करकर येत होती. तारा बदलल्या, घोडी बदलली, सरांनी भिंग लावून पाहिलं. पत्ता लागत नव्हता. रात्र रात्र मला वाटायचं, वाद्य नाही, माझा हातच बिघडलाय.

वाजवून झाल्यावर लेथवर काम करणारे एक गृहस्थ पुढे आले. विजापूरकडचे असावेत. "मॅडम," ते अदबीनं म्हणाले, "बेअरिंग गेलंय."

"यात बेअरिंग नसतं हो."

"काहीतरी सुटलंय." त्यांनी हात धुतले, पुसले, व्हायोला कानाशी धरला आणि बोटाच्या पेरानं कडेनं टकटक करत गेले. एका जागी थांबले. "इथं."

केसाएवढी फट! दोन लाकडांच्या जोडात सरस सुटला होता.

मला रडूच आलं. अक्का हळूच म्हणाली, "सर, तुमचं ऑफिसात काम काय होतं म्हणालात?"

सर घसा खाकरून म्हणाले, "विमानांतली कंपनं शोधणं."

*

सरांच्या शेजारी, भिंतीला भिंत लागून, मूर्ती राहायचे. सत्तरीचे, एकटे, कधी हसल्याचं आठवत नाही. दर गुरुवारी साडेपाचला आम्ही वाद्यं सुरात लावायला लागलो की त्यांची रस्त्याकडची खिडकी धाडकन बंद व्हायची. अकरा वर्षांत एक गुरुवार चुकला नाही!

सर ओशाळायचे. "हळू रे, त्यांना त्रास होतो." एका दिवाळीला ते फराळाचं ताट घेऊन माफी मागायला गेले. मूर्तींनी ताट घेतलं, "सरी", म्हणजे 'बरं', एवढंच म्हणाले आणि दार लावलं.

गेल्या वर्षी सरांची बोटं आखडायला लागली. औषधं झाली, शेक झाले. एका गुरुवारी त्यांनी तुकड्याच्या मध्येच व्हायोलिन खाली ठेवलं आणि नुसते ऐकत बसले. दोन महिन्यांत ते नाशिकला मुलीकडे राहायला गेले.

पुढच्या गुरुवारी आम्ही तिघं माझ्या जे. पी. नगरच्या घरी जमलो. सवयीनं मी खुर्च्या चार मांडल्या, मग एक काढावी की राहू द्यावी ते कळेना. निखिलनं केस उघडलीच नाही. कॉफी निवून गेली.

"तिघांत काय वाजवायचं?" अक्का म्हणाली. "चौकडी संपली म्हणायचं की."

मी चौथी खुर्ची उचलायला उठले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात मूर्ती! घामाघूम, काखेत छत्री, हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर सरांच्या अक्षरात माझा पत्ता. आधी मेट्रो, मग रिक्षा करून आले होते.

"या ना, या," मी कशीबशी म्हणाले.

त्यांनी चपला काढल्या, आत आले, चारही खुर्च्यांवरून नजर फिरवली. बाहेर बसचा हॉर्न, टेम्पोची घरघर, समोरच्या बांधकामावरचं ड्रिल. मूर्ती सरळ खिडकीशी गेले आणि त्यांनी ती धाडकन बंद केली.

मग सोफ्यावर बसले. छत्री मांडीवर ठेवली, आमच्याकडे पाहिलं.

"हं," हातानं 'करा सुरू' अशी खूण करत ते म्हणाले. "शुरु माडी."