व्हर्नाची टाळी

तळघराच्या पायरीवर बसून टाळ्या वाजवायला का तुला नांदायला पाठवली, असं व्हर्ना स्टॉफरची आई म्हणायची. पण व्हर्नाच्या नशिबी तेच आलं. नवरा इर्विन पेनसिल्व्हेनियातल्या ओतकामाच्या कारखान्यात दिवसभर लोखंडाशी झुंजायचा आणि घरी आला की तळघरात वजनं उचलत पुन्हा लोखंडालाच भिडायचा. हौसेला मोल नाही म्हणतात. मोल असतं, फक्त ते बायकोकडून वसूल होतं.

वजनांचा दांडा डोक्यावर उचलणारे ऑलिम्पिक पद्धतीचे ऐटबाज गडी इर्विनच्या खेळाला ‘फुटकळ प्रकार’ म्हणून नाक मुरडायचे. त्यांची स्पर्धा आटोपून लोक खुर्च्या आवरायला लागले की या बिचाऱ्यांची पाळी. चौसष्ट साली मात्र घोडं गंगेत न्हालं. खांद्यावर भार घेऊन बैठक, बाकावर उताणं पडून छातीवरून रेटा आणि जमिनीवरून उचल, असे तीन प्रकार धरून देशभरचे गडी जमणार होते. खेळाला नावही मिळालं होतं, पॉवरलिफ्टिंग. रेट्यात दांडा छातीवर टेकवून थांबायचं आणि पंचानं टाळी दिली की मगच ढकलायचं. घरी इर्विनची पंच व्हर्ना.

त्या शनिवारी तिची बॅग दाराशी तयार होती. ओहायोत धाकटी बहीण लोवीना अंथरुणाला खिळली होती. ‘ताई, महिनाभर तरी ये’ म्हणाली होती. लग्न झाल्यापासून व्हर्ना कुणाकडे राहायला गेली नव्हती.

“महिनाभर? मग टाळी कोण वाजवणार?” इर्विन म्हणाला.

“शेजारच्या कुत्र्याला शिकव.”

“अगं, स्पर्धा तोंडावर आलीय!”

“तुझी स्पर्धा कायम तोंडावरच असते. माझी बस पाचला आहे.”

तो पाय आपटत खाली गेला. तिनं हॅट घातली, तेवढ्यात खालून हुंकार आला. दांडा छातीवर टेकला की तो असाच हुंकारायचा. “नाही वाजवणार,” ती पुटपुटली. पुन्हा हुंकार, जरा बारीक. काय हट्टी माणूस! तिनं चिडून एक टाळी हाणली.

मग बाकाखाली टाचा आपटल्याचा आवाज आला, आणि ती धावली.

दांडा इर्विनच्या छातीवर रुतला होता, तोंड काळंनिळं. एकटा असताना दांड्याची टोकं मोकळी ठेवायची, म्हणजे अडकलं तर कलंडून वजनं सांडता येतात, हे त्यानंच तिला शिकवलं होतं. पण स्पर्धेत चालतं तसंच घरी, म्हणून या शहाण्यानं टोकांच्या कड्या पान्यानं आवळल्या होत्या. दांडा तिला हलेना. तिनं पाना शोधला, एक कडी सोडली, त्या टोकाच्या वजनाच्या चकत्या ओढून काढल्या. दांडा दुसरीकडे कलंडून धाडकन पडला.

बराच वेळ तो नुसता खोकत राहिला. मग म्हणाला, “जा तू, बस चुकेल. तू येईपर्यंत हात लावणार नाही. शपथ!”

बोलता बोलता त्याचा हात खाली पडलेल्या चकतीकडे गेला होता. त्याला ते कळलंही नव्हतं. व्हर्नाला रडू फुटलं, आणि ते त्याच्यासाठी नव्हतं.

तिनं हॅट काढून खिळ्याला अडकवली आणि पाना मांडीवर घेऊन पायरीवर बसली.

“वजन कमी कर,” ती म्हणाली.

चौकात बसचा भोंगा वाजला. दांडा छातीवर टेकला, इर्विन हुंकारला, आणि व्हर्नानं टाळी दिली.