वांडाचं कुलूप

वांडा स्टिडहॅम सत्तेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात गेली ती माझ्या दोन बोटांपायी. केंटकीतल्या आमच्या बिस्किटांच्या कारखान्यात आम्ही दोघी एकाच पट्ट्यावर पुडे भरायचो. त्या दिवशी पट्टा फिरवणाऱ्या रुळांवरची, हात आत जाऊ नये म्हणून असते ती जाळी कुणीतरी काढून ठेवलेली. आत अडकलेला पुडा मी ओढत होते आणि पलीकडून पट्टा चालू झाला, दोन बोटं गेली. कुणी केला ते शेवटपर्यंत कळलं नाही. साहेबलोक म्हणाले, बाईच धांदरट. वांडा इस्पितळात माझ्या उशाशी बसून म्हणाली, "ओपल, या मेल्या यंत्रांच्या पोटात काय असतं ते मी शिकणारच. मग बघू कोण धांदरट ते!"

गावच्या कम्युनिटी कॉलेजात तिनं नाव घातलं. मोटारी, वायरी, गिअर सगळं एकत्र शिकवणारा दोन वर्षांचा कोर्स. वर्गात सगळी मिसरूड फुटलेली पोरं. पहिल्याच दिवशी एक म्हणाला, "मावशी, विणकामाचा वर्ग पलीकडे."

ही म्हणाली, "मग तूच जा. पँटची शिवण उसवलीय तुझी."

पुढं तोच तिच्या डब्यातला मक्याचा पाव खायला शेजारी बसायचा.

कॉलेजनं प्रत्येकाला एक लाल कुलूप दिलं. यंत्रात हात घालण्याआधी वीज तोडायची, खटक्याला आपलं कुलूप घालायचं, म्हणजे तो कुणाला दाबता येत नाही, आणि किल्ली आपल्यापाशी ठेवायची. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, दुसऱ्यानं शिवायचंसुद्धा नाही.

शेवटच्या सत्रात प्रत्यक्ष काम करायला तिला धाडलं ते नेमकं आमच्याच कारखान्यात. तिथल्या मुकादमाची, गॅरेटची, सही मिळाली तरच पदविका. हा गॅरेट आमच्याच शाळेतला, तेव्हापासूनचा आगाऊ.

एका दुपारी मी बसायचे तोच पट्टा अडकला. वांडानं कुलूप घातलं, वाकडा झालेला रूळ सरळ केला. पण जाळी कुठं सापडेना. बाहेर ट्रक खोळंबलेला. गॅरेट तणतणत आला.

"वांडा, काढ ते कुलूप."

"जाळी लागू दे, काढते."

"जाळी उद्या लावू. शिकाऊ आहेस तू इथं. सही हवीय ना?"

"हवीय."

"मग काढ!"

तिनं किल्ली शर्टाच्या आत टाकली. गॅरेट लालबुंद झाला आणि कुलूप कापायची लांब दांड्यांची कात्री घेऊन आला.

आणि या बयेनं काय करावं? उजवा हात सरळ कोपरापर्यंत रुळांत घातला.

"काप आता. खटकाही तूच दाब. या वेळी कोण दाबतंय ते सगळ्यांना दिसू दे!"

मी भ्याले होते, खोटं कशाला बोलू? पण उठले, आणि माझा तीन बोटांचा हात तिच्या हाताशेजारी घातला.

गॅरेट कात्री खाली ठेवून जाळी शोधायला गेला. ती त्याच्याच खोलीत निघाली, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून टेकवलेली.

सही मात्र त्यानं केली नाही. वांडाचं सत्र बुडालं. रडले मी, ती नाही. "पुन्हा करीन की," म्हणाली, "त्याला काय धाड भरलीय?"

केलंच तिनं, दुसऱ्या कारखान्यात. आता पदविका घेऊन आमच्याकडंच यंत्रदुरुस्तीला आलीय. आल्या आल्या पुडे भरणाऱ्या आम्हा सगळ्याजणींना तिनं साहेबलोकांकडून एकेक लाल कुलूप मिळवून दिलं. माझी किल्ली माझ्या गळ्यात असते. गॅरेटची छाती असेल तर त्यानं मागून बघावी.